वालधुनी नदी : कारखानी सांडपाणी व नागरी वस्ती

महाराष्ट्र राज्याच्या ठाणे जिल्ह्यातील उल्हास नदीची एक लहान उपनदी. लांबी सुमारे ३० किमी. अंबरनाथ, उल्हासनगर व कल्याण या सलग शहरांमधून ती वाहते. एकेकाळी शेतीला व गावांना उपयोगी पडणारी ही नदी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यांचे व वस्त्यांचे सांडपाणी वाहून नेणारा नाला बनली. दाट वस्तीच्या मधोमध सांडलेली औद्योगिक रसायने व तेले किती काळ टिकून राहतात व त्यांचा भार कोणावर पडतो, हे समजून घेण्याच्या दृष्टीने या नदीचा इतिहास महत्त्वाचा आहे.

भूवर्णन : अंबरनाथजवळ मलंगगडाच्या रांगेतील डोंगरउतारांवर काकोळे गावाच्या परिसरात नदीचा उगम होतो. येथेच ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी पुरविण्यासाठी बांधलेला तलाव असून तो अद्यापि ‘जीआयपी टँक’ या नावाने ओळखला जातो. २०१४ पासून रेल्वेच्या बाटलीबंद पाण्याच्या अंबरनाथ येथील कारखान्यास याच तलावाचे पाणी मिळते. म्हणजे ज्या पाणलोटातील पाणी उगमाशी बाटलीत भरून प्रवाशांना विकण्याइतके स्वच्छ आहे, तेच पाणी पुढे काही किलोमीटरांवर हात घालण्याच्याही योग्यतेचे राहत नाही. काकोळ्याहून नदी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून उल्हासनगरात शिरते व विठ्ठलवाडीवरून कल्याण येथे उल्हासच्या खाडीस मिळते. पावसाळ्याचे चार महिने सोडले, तर तिला स्वतःचा प्रवाह नाममात्रच असतो. उरलेल्या आठ महिन्यांत पात्रातून जे वाहते, ते बहुतांशी सांडपाणी होय. सांडपाणी विरळ करण्यास पुरेसे पाणी नसणे, हे तिच्या दुरवस्थेचे पहिले नैसर्गिक कारण आहे.

पूर्वेतिहास : नदीकाठचे अंबरनाथचे शिवमंदिर उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या कारकीर्दीतील असून तेथील लेखात शके ९८२ (इ. स. १०६०) हा काळ व मुम्मुणी राजाचे नाव आढळते. कोकणातील भूमिज शैलीच्या शिल्पसमृद्ध मंदिरांत त्याची गणना होते. मंदिरासाठी निवडलेले हे स्थान नदीच्या तत्कालीन महत्त्वाची साक्ष देते. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते. कल्याण हे तर प्राचीन काळापासून प्रसिद्ध असलेले बंदर होते. या दोहोंमधील प्रदेश मात्र एकोणिसाव्या शतकापर्यंत भातखाचरांचा, गवताळ माळांचा व विखुरलेल्या पाड्यांचा होता. आजच्या नागरी वस्त्यांच्या नावांत तो जुना भूगोल शिल्लक राहिला आहे. अंबरनाथ नगरपालिकेच्या हद्दीतील बुवापाडा हे त्याचे एक उदाहरण. नावाने पाडा असलेल्या अशा वस्त्या प्रत्यक्षात चाळी, बैठी घरे व इमारती यांनी भरून गेल्या आहेत.

औद्योगिकीकरण : कल्याणहून दक्षिणेकडे जाणारा लोहमार्ग १८५६ मध्ये सुरू झाला व अंबरनाथचा मुंबईशी थेट संबंध जुळला. १९२० नंतरच्या दशकात येथे आगपेट्यांचा मोठा कारखाना (विमको) निघाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ विस्तीर्ण लष्करी छावणी उभारण्यात आली. १९४७ मध्ये देशाची फाळणी झाल्यावर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना याच छावणीतील बराकींत आश्रय देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी भारताचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे नव्या नगराची पायाभरणी झाली व उल्हास नदीवरून त्यास उल्हासनगर हे नाव मिळाले. सर्वस्व गमावून आलेल्या या लोकांनी बराकींतच लहानमोठे उद्योग उभे केले. छावणीचे ‘कॅम्प’ हे विभाग व त्यांचे क्रमांक आजही व्यवहारात आहेत. सुमारे १३ चौ. किमी. क्षेत्राच्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांहून अधिक होती.

स्वातंत्र्योत्तर काळात अंबरनाथ येथे संरक्षण खात्याचे कारखाने, तर शहाड व मोहने येथे रेयॉनचे कारखाने वाढले. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि अंबरनाथ, डोंबिवली व बदलापूर येथे औद्योगिक वसाहती आखण्यात आल्या. या वसाहतींना पाणी देण्यासाठी महामंडळाने बारवी नदीवर धरण बांधले (१९७२). मुंबई शहरात नव्या कारखान्यांवर निर्बंध येऊ लागल्याने औषधे, रंग, रंगमध्यके, अम्ले व विद्रावके तयार करणारे अनेक मध्यम व लहान कारखाने या पट्ट्यात आले. कारखान्यांना जमीन, रस्ते, वीज व पाणी पुरविण्याची व्यवस्था प्रथम झाली. वापरलेले पाणी कोठे जाणार, या प्रश्नाची व्यवस्था पुष्कळ उशिरा झाली. सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभी राहीपर्यंत नाले व नदी हीच सांडपाण्याची वाट होती. दरम्यान कामगारांची घरे वसाहतींच्या कुंपणापर्यंत येऊन भिडली. कारखाना व घर यांच्यात जी मोकळी जागा असावयास हवी होती, तीच मजुराला परवडणारी जागा ठरली.

प्रदूषणाचे स्वरूप : नदीत मिसळणाऱ्या द्रव्यांचे स्थूलमानाने चार वर्ग करता येतात. (१) घरगुती मैलापाणी. याचे प्रमाण सर्वांत मोठे असून त्यातील सेंद्रिय द्रव्य कुजताना पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन संपून जातो. (२) अम्ले, क्षार व रंगद्रव्ये. (३) क्रोमियम, शिसे, जस्त, पारा यांसारखे जड धातू. (४) तेले, ग्रीज व सेंद्रिय विद्रावके. अंतर्गत जलप्रवाहात सोडावयाच्या सांडपाण्यासाठी भारतात जी सर्वसाधारण मानके ठरविली आहेत, त्यांनुसार तेल व ग्रीज यांचे प्रमाण दर लिटरला १० मिग्रॅ., जैव ऑक्सिजन मागणी ३० मिग्रॅ. व रासायनिक ऑक्सिजन मागणी २५० मिग्रॅ. यांहून अधिक असता कामा नये व पीएच मूल्य ५.५ ते ९ यांदरम्यान असावे. मात्र ही मानके ठरविताना प्रवाहात स्वच्छ पाण्याची भर पडेल, असे गृहीत धरलेले असते. वालधुनीत उन्हाळ्यात अशी भर पडतच नाही. त्यामुळे प्रत्येक कारखान्याने मानक पाळले, तरी नदी स्वच्छ होईलच असे नाही आणि एकाने जरी ते मोडले, तरी त्याचा परिणाम संपूर्ण काठावर जाणवतो.

तेलाचे पाण्यावरील वर्तन विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. थोडेसे तेलही विस्तृत पृष्ठभागावर पातळ थराच्या रूपाने पसरते व हवेतील ऑक्सिजन पाण्यात विरघळण्यास अडथळा आणते. हलकी हायड्रोकार्बने बाष्परूपाने हवेत जातात, जड भाग गाळाच्या कणांना चिकटून तळाशी बसतो आणि मधला काही भाग काठच्या मातीत मुरतो. वरचा तवंग वाहून गेला, की लोकांना व अधिकाऱ्यांनाही घटना संपली असे वाटते. प्रत्यक्षात द्रव्य केवळ दृष्टीआड झालेले असते.

उल्हासनगरात जीन्स कापड रंगविण्याचा व धुण्याचा उद्योग मोठ्या प्रमाणावर वाढला होता व त्याच्या निळ्या सांडपाण्याचा बराच भाग वालधुनीत जात असे. न्यायालयीन आदेशांनंतर २०१८ च्या सुमारास हे धंदे बंद करण्यात आले. त्यामुळे नदीचा निळा रंग ओसरला, तथापि या धंद्यावर पोट असलेल्या मजुरांचा रोजगारही गेला व काही धंदे आसपासच्या गावांत स्थलांतरित झाले. प्रदूषणाचे स्थान बदलणे म्हणजे प्रदूषण थांबणे नव्हे, हा या प्रकरणाचा धडा होय.

२०१४ ची दुर्घटना : दीर्घकाळ साचत आलेल्या संकटाचे तीव्र रूप २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात दिसून आले. टँकरमधून आणलेली घातक रसायने नदीत सोडली गेल्याने विषारी वायू पसरला व काठच्या वस्तीतील शेकडो लोकांना मळमळ, उलट्या, डोळ्यांची आग व श्वास कोंडणे असा त्रास होऊन त्यांना रुग्णालयांत न्यावे लागले. अशा घटनांमागील रसायनशास्त्र गुंतागुंतीचे नाही. ऑक्सिजनविरहित मैलापाण्यात व गाळात सल्फाइडे तयार झालेली असतात. त्यांत अम्ल मिसळले, की हायड्रोजन सल्फाइड हा अत्यंत विषारी वायू मुक्त होतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने पात्रालगतच्या सखल भागातील घरांत तो शिरतो. त्याचे प्रमाण वाढले, की घ्राणेंद्रिये बधिर होतात व वास येईनासा होतो. त्यामुळे वास गेला म्हणजे धोका टळला, हा सर्वसामान्य समज येथे घातक ठरू शकतो.

घातक कचऱ्याविषयीचे पहिले नियम भारतात १९८९ मध्ये झाले व नंतर ते वेळोवेळी सुधारण्यात आले. या पट्ट्यातील असा कचरा तळोजा येथील केंद्रात नेऊन त्याची विल्हेवाट लावण्याची सोयही पुढे झाली. तथापि विल्हेवाटीस खर्च येतो आणि नाला फुकट असतो. टँकर एका ठिकाणी भरून दुसरीकडे रात्री रिकामा करण्यामागील कारण एवढेच आहे. दूरच्या कारखान्याचे द्रव्यही त्यामुळे या नदीत येऊ शकते व जबाबदारी निश्चित करणे अवघड होते.

दीर्घकालीन परिणाम : (१) गाळ : नदीच्या तळाचा गाळ ही प्रदूषणाची साठवण असते. उल्हास खाडीच्या गाळात पारा साचल्याचे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासांत आढळून आले आहे. पाऱ्याचे विद्युत्‌घट वापरून कॉस्टिक सोडा तयार करण्याची जुनी पद्धत हे त्याचे प्रमुख कारण होय. ही पद्धत सोडल्यानंतर पाऱ्याची नवी भर कमी झाली, पण गाळातील जुना साठा लगेच नाहीसा होत नाही. जड धातूंचे जैविक विघटन होत नसल्याने ते सूक्ष्मजीव, मासे व मासे खाणारी माणसे या क्रमाने अन्नसाखळीत चढत जातात. खाडीत मासेमारी करणाऱ्या कोळी समाजाच्या उपजीविकेवर याचा दुहेरी आघात झाला : मासे कमी झाले आणि मिळालेल्या माशांविषयी गिऱ्हाइकाच्या मनात शंका उत्पन्न झाली.

(२) भूजल : नळाचे पाणी पुरेसे न मिळणाऱ्या वस्त्यांत विहिरी व कूपनलिका यांचा आधार घेतला जातो. काठच्या मातीत मुरलेली विद्राव्य द्रव्ये या पाण्यात उतरतात. बेसाल्ट खडकातील भेगांतून पाणी वाहत असल्याने ते कोणत्या दिशेने व किती दूर जाईल, याचा अंदाज बांधणे कठीण असते. अंबरनाथला पाणी पुरविणाऱ्या चिखलोली धरणाच्या परिसरातही कारखानी सांडपाण्याविषयी वारंवार तक्रारी झाल्या आहेत.

(३) पूर : २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास व वालधुनी या दोन्ही नद्यांना मोठे पूर येऊन बदलापूर ते कल्याण या भागातील घरांत पाणी शिरले. औद्योगिक नदीचा पूर हा केवळ पाण्याचा पूर नसतो. तळाचा गाळ ढवळून तो घराच्या जमिनीवर, भिंतींवर व धान्याच्या डब्यांपर्यंत येतो. पात्रातील अतिक्रमणे व भराव यांमुळे पुराची पातळी वाढते आणि तिची झळ सर्वप्रथम काठच्या गरीब वस्त्यांना लागते.

(४) दैनंदिन जीवन : सल्फाइडयुक्त हवेत चांदीचे दागिने व तांब्यापितळेची भांडी काळवंडतात, पत्रे व विजेच्या तारांचे जोड लवकर गंजतात. खिडक्या बंद ठेवून राहण्याची सवय लागते. नदीकडे पाठ करून घरे बांधली जातात. एका पिढीने पोहलेली नदी पुढच्या पिढीला केवळ दुर्गंधीवरून ठाऊक असते. आजारांच्या बाबतीत एखाद्या व्यक्तीचा दमा वा त्वचाविकार एखाद्या विशिष्ट कारखान्यामुळेच झाला, हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते आणि प्रदूषित वस्त्यांतील लोकांच्या न्यायाच्या मार्गातील हाच सर्वांत मोठा अडसर आहे.

कायदे व न्यायालयीन प्रयत्न : जलप्रदूषणाविषयी महाराष्ट्राने १९६९ मध्येच स्वतंत्र कायदा केला व त्यानुसार ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जलप्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम १९७४ चा असून तो महाराष्ट्रात १९८१ मध्ये लागू झाला. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर (१९८४) पर्यावरण संरक्षण अधिनियम (१९८६) संमत झाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये औद्योगिक क्षेत्रांचा जो निर्देशांक प्रसिद्ध केला, त्यात शेजारच्या डोंबिवलीचा अंक ७८.४१ म्हणजे अतिगंभीर वर्गातील होता. कायद्यांची वाण नव्हती. त्यांची अंमलबजावणी मात्र तोकडी पडली.

‘वनशक्ती’ या संस्थेने उल्हास व वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे २०१३ मध्ये अर्ज केला. जुलै २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने सामुदायिक प्रक्रिया केंद्रे व संबंधित नागरी संस्था यांना जबाबदार धरून नद्यांच्या पुनःस्थापनेसाठी सुमारे ९५ कोटी रुपये देण्याचा आदेश दिला. कारखाने व नगरपालिका या दोघांनाही एकाच वेळी दोषी मानणे, हे या निर्णयाचे वैशिष्ट्य होय. पुढे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतरच्या काळात प्रक्रिया केंद्रांची सुधारणा व मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांची उभारणी यांस काहीशी गती मिळाली.

या संदर्भात खेमाणी नाल्याची तुलना उद्‌बोधक आहे. उल्हासनगरातील हा नाला उल्हास नदीस, जेथून शहरांसाठी पाणी उपसले जाते त्या जागेजवळ मिळत असल्याने तो अडवून वळविण्याची योजना हाती घेण्यात आली. वालधुनी मात्र पाणीउपशाच्या जागांच्या खाली, कल्याणजवळ खाडीस मिळते. तिचे पाणी कोणत्याही शहराच्या नळाला येत नसल्याने तिच्या शुद्धीसाठी तेवढी निकड कोणाला भासली नाही. जी नदी पिण्यासाठी लागत नाही, तिला वाली उरत नाही.

अन्यत्र आढळणारी उदाहरणे : न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन विभागातील ग्रीनपॉइंट हे या प्रकारचे जगातील एक ठळक उदाहरण. न्यूटाउन खाडीच्या काठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेलशुद्धीकरण कारखाने निघाले. अनेक दशके टाक्या व नळ यांतून तेल जमिनीत गळत राहिले. १९५० मध्ये गटारातील बाष्पाचा स्फोट झाला, तरी मूळ कारणाचा शोध पूर्णतया घेतला गेला नाही. १९७८ मध्ये तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरमधून खाडीवरील तवंग दिसला व घरांखाली सुमारे १.७ कोटी गॅलन (सु. ६.४ कोटी लि.) तेल साचल्याचे अनुमान निघाले. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्झॉन व्हाल्डीझ’ जहाजातून सांडलेल्या तेलाहून हे अधिक होते. तेथे शुद्धीकरण कारखाना १९६६ मध्येच बंद झाला होता, परंतु रहिवाशांशी व राज्याशी तडजोड होण्यास २०१० साल उजाडले.

राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिछडी गावात एच-अम्ल तयार करणारे कारखाने १९८० नंतरच्या दशकात अल्पकाळच चालले. तथापि त्यांच्या गाळामुळे विहिरींचे पाणी अनेक वर्षे तांबूस व निरुपयोगी राहिले. या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, जो प्रदूषण करील त्याने भरपाई करावी, हे तत्त्व स्वीकारले. मुंबईतील माहुल येथे तेलशुद्धीकरण कारखाने व रसायनांच्या साठवण-टाक्या यांच्या लगत मोठी वस्ती आहे. तेथील हवेपासून आरोग्यास धोका असल्याचे हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये मान्य केले. तरीही पुनर्वसनासाठी अन्य भागांतील झोपडीवासीयांना तेथे पाठविण्यात आले व त्यांना दाद मागण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. याउलट ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ जहाजाच्या अपघातात तेल सांडले, तेव्हा शासकीय यंत्रणा तत्काळ कामास लागल्या. एकाच दिवशी घडलेली व सर्वांना दिसणारी गळती आणि वर्षानुवर्षे थेंबाथेंबाने होणारी गळती यांना समाजाकडून मिळणाऱ्या प्रतिसादात असा फरक आढळतो.

मूल्यमापन : वालधुनीच्या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सांडपाणी बंद केल्याने नदी शुद्ध होण्यास प्रारंभ होतो, परंतु गाळ व भूजल यांत साचलेल्या द्रव्यांची स्वतंत्र व खर्चिक व्यवस्था करावीच लागते. केवळ गाळ उपसून काठावर टाकणे म्हणजे विष एका जागेवरून दुसरीकडे नेणे होय. दुसरी, कारखान्यांची तपासणी व मैलापाण्याची व्यवस्था या दोन वेगळ्या खात्यांच्या बाबी मानल्या गेल्या, तरी नदीत त्या एकत्र येतात व एकमेकींचा घातकपणा वाढवितात. म्हणून नदीचे खोरे हाच नियोजनाचा घटक असावयास हवा. तिसरी, वस्तीच्या आरोग्याची व भूजलाची सातत्याने नोंद ठेवली गेली नाही, तर नुकसान झाल्याचे कळते, पण ते किती व कोणामुळे झाले हे सांगता येत नाही आणि भरपाईचा हक्क कागदावरच राहतो. उद्योगाने या पट्ट्यातील लाखो लोकांना, विशेषतः निर्वासितांना व ग्रामीण भागातून आलेल्या कामगारांना, जगण्याचा आधार दिला हे निर्विवाद आहे. परंतु त्या उत्पादनाच्या किमतीचा जो भाग कारखान्याच्या हिशेबात कधी धरला गेला नाही, तो नदीकाठच्या घरांनी भरला व अद्यापि ती घरे तो भरीत आहेत.